ती बिघडते, तो चालतो

कॉम्प्युटर हा शब्द मराठीत पुल्लिंगी. तो कॉम्प्युटर. पण वडवणीत बावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करून आणि शिकवून माझा अनुभव असा, की हे व्याकरण यंत्र चालू असेपर्यंतच टिकतं. ते बंद पडलं की गिऱ्हाईक दुकानात टेबलावर आणून ठेवतं आणि म्हणतं, "मॅडम, ही सकाळपासून रुसलीय." आत साचलेली धूळ काढून, एखादी सैल झालेली पट्टी घट्ट बसवून मी यंत्र चालू करून दाखवलं, की तोच माणूस मांडीवर थाप मारून म्हणतो, "वा! वाघ हाय वाघ!"

म्हणजे बिघडते ती, चालतो तो.

एका गावच्या सरपंचांनी नवा लॅपटॉप घेतला होता. घरी सगळ्यांना ताकीद दिली, "नवी नवरी हाय, कुणी हात लावायचा न्हाई." लाल कापडात गुंडाळून कपाटात ठेवला. आठ-नऊ महिन्यांनी बाहेर काढला तर चालू होईना. तसाच कापडासकट माझ्याकडे घेऊन आले. वापर नाही, चार्जिंग नाही, बॅटरी पार मेलेली. मी म्हटलं, "साहेब, नवरीला तरी कुणी इतके महिने कपाटात कोंडून ठेवतं का?"

"आमच्याकडं ठेवतेत, मॅडम," ते पटकन बोलून गेले, आणि मग स्वतःच इतके ओशाळले की चहा न घेताच निघाले.

असले किस्से माझ्याकडे भरपूर आहेत आणि ते सांगताना मलाही हसू येतं. पण आज सांगायचं आहे ते त्या सगळ्या गिऱ्हाइकांबद्दल नाही. माझ्याबद्दल आहे. कारण या बोलण्यात सगळ्यात पुढे मीच होते.

आमचं दुकान बसस्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढच्या खोलीत अब्बांचं मोटार वायंडिंग. बोअरच्या जळालेल्या मोटारी आणायच्या, आतली काळी पडलेली तार काढायची, नवी तांब्याची तार भरायची. मागच्या खोलीत माझा कॉम्प्युटर क्लास, सहा यंत्रांचा. मधली भिंत पातळ, त्यामुळे अब्बांच्या हातोडीचा आवाज माझ्या वर्गात यायचा आणि माझा वर्ग त्यांच्या कानावर पडायचा.

मी क्लास सुरू केला तेव्हा तेवीस वर्षांची होते. पहिल्या दिवशी चौदा पोरं आली. मी फळ्यावर लिहायला लागले. दहा मिनिटांनी एकानं अदबीनं विचारलं, "मॅडम, सर कधी येणार?"

मी म्हटलं, "सर कोणी नाही. मीच आहे."

दुसऱ्या दिवशी नऊ आली.

त्याच सुमाराला बीडला क्लास चालवणाऱ्यांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. सगळा हॉल पुरुषांचा, बायका आम्ही दोघी. शिकवायला आलेले सर मोठे बोलके. विषय होता ऑपरेटिंग सिस्टीम. या धंद्याबाहेरच्या वाचकांसाठी साधं सांगते. कॉम्प्युटरमध्ये बरेच भाग असतात: आकडेमोड करणारा, लक्षात ठेवणारा, दाखवणारा, छापणारा. प्रत्येकाला आपलं काम येतं, पण कुणी कधी काय करायचं हे एकमेकांना कळत नाही. ते ठरवून देणारा प्रोग्राम म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम. ती नसेल तर कॉम्प्युटर म्हणजे टेबलावर ठेवलेला डबा. आणि या सिस्टीम दोन तऱ्हेच्या. एक विकतची, कंपनीची, तिच्या आत काय आहे ते कंपनीलाच ठाऊक. दुसरी मोफत, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, जिचं झाकण कुणीही उघडून आत पाहावं, जमलं तर सुधारावी.

त्या सरांनी यातलं काहीही सांगितलं नाही. ते म्हणाले, "विकतची सिस्टीम म्हणजे लग्नाची बायको. वाजतगाजत आणावी लागते, सारखं काहीतरी मागत असते, पण पैपाहुणे सगळे ओळखते. आणि फुकटची म्हणजे..." इथे ते थांबले, डोळा बारीक केला, "आता समजून घ्या!"

हॉल हसून हसून लोळला. माझ्या शेजारची बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. मी मात्र हसले. नुसती हसलेच नाही, वहीत लिहून घेतलं.

सोमवारी वर्गात तेच सांगितलं. पोरं अशी काही हसली की पुढच्या खोलीतलं गिऱ्हाईक डोकावून गेलं. त्या दिवसापासून 'सर कधी येणार' कुणी विचारलं नाही. मला वाटलं, जमलं आपल्याला. मग मी त्या उपमेला फाटे फोडत गेले. सिस्टीम अडकली म्हणजे रुसली. बंद करून पुन्हा चालू केली म्हणजे माहेरी पाठवून परत आणली. व्हायरस म्हणजे कान भरणारी शेजारीण. माझ्या वर्गाचं नाव झालं. "शेख मॅडम लई मजेत शिकवतेत," असं तेलगाव रोडपर्यंत बोललं जायचं.

एकदा वर्ग सुटल्यावर अब्बांनी तार गुंडाळता गुंडाळता विचारलं, "हँसे तो सब. सीखे कित्ते?"

मी म्हटलं, "अब्बा, हसले की शिकतात."

ते मोटारीत तार भरू लागले.

हे सगळं वैशाली येईपर्यंत बिनबोभाट चाललं.

वैशालीचं माहेर चकलांब्याचं, सासर आमच्यापासून सहा-सात किलोमीटरवरचं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, दोन मुलींची आई. घरचा स्वयंपाक उरकून जीपनं यायची, पहिल्या रांगेत बसायची आणि मी बोलेन तो शब्द वहीत उतरवायची. तिच्याइतकं चटकन कळणारं त्या वर्षी माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तिला नोकरी हवी होती. धारूरच्या बाजूला एका शाळेच्या कार्यालयात कॉम्प्युटर चालवणाऱ्याची जागा निघाली होती. "मॅडम, ही मिळाली ना, तर दोन्ही पोरींना त्याच शाळंत घालते. माझ्यासंगं येतील, माझ्यासंगं जातील," ती म्हणायची.

मुलाखतीला जाताना तिनं माझ्या वर्गातली वही सोबत नेली. बसमध्ये पुन्हा पुन्हा वाचली म्हणे.

दुसऱ्या दिवशी ती वर्गाच्या वेळेआधी आली. मी यंत्रांवरची कव्हरं काढत होते.

"काय झालं गं?"

"न्हाई झालं, मॅडम."

"कावून?" गावच्या बाईशी बोलताना माझ्याही तोंडात 'का'ऐवजी 'कावून'च येतं.

ती बाकावर बसली. "आत तिघं बसलते. टायपिंग करून दाखवलं, तक्ता करून दाखवला. समदं नीट. मग संस्थेचे सचिव म्हणले, आमाला नवे कॉम्प्युटर घ्यायचेत, विकतची सिस्टीम घ्यावी का फुकटची, फरक सांगा."

"मग?"

"मग तुमी शिकवलं तेच सांगितलं. लग्नाची बायको आन..." ती थांबली. "वहीत 'समजून घ्या' असं लिवलं व्हतं. मी बोलताना तसंच म्हणले, आता समजून घ्या. समदे हसाय लागले. मला वाटलं बरोबर आलं. मग सचिव म्हणले, 'मग बाई, तुमी त्यातल्या कोणत्या?'"

मी हातातलं कव्हर खाली ठेवलं. "तू काय म्हणालीस?"

"मी म्हणले, मी यूजर हाय सर. सिस्टीम नीट चालली न्हाई, तर बदलणारी."

मला एकदम हसू फुटलं. ती पण हसली. दोघी हसत होतो आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पदरानं ते पुसत ती म्हणाली, "तोंड बंद झालं त्यांचं. पण नोकरी बी गेली. मुख्याध्यापक म्हणले, बोलायला हुशार हायेत तुमी, पण इचारलं त्याचं उत्तर न्हाई आलं. आन मॅडम, ते खरंच हाय. मला फरक म्हाईतच न्हाई. खरा फरक काय हाय?"

बावीस वर्षांत मला पुष्कळांनी पुष्कळ ऐकवलं असेल, पण या प्रश्नाइतकं झोंबलेलं काही आठवत नाही. त्या माणसानं तिला जे विचारलं ते वाईटच होतं. पण त्याला ती वाट कुणी दाखवली? माझ्या वर्गातल्या सगळ्यात हुशार बाईला मी उत्तराच्या जागी विनोद देऊन पाठवलं होतं, आणि तो विनोदही तिच्यावरचाच.

त्या दिवशी वर्ग भरल्यावर मी सगळ्यांना ते पान काढायला लावलं. "यावर आडवी रेघ मारा," म्हटलं. "मी चुकीचं शिकवलं."

मागच्या रांगेतून कुरकुर आली. "मॅडम, तेच तर लई सोपं व्हतं!"

"सोपं होतं, मग सांग. कॉम्प्युटरमध्ये एकाच वेळी दोन प्रोग्राम चालू असले, तर कुणाला आधी जागा द्यायची ते कोण ठरवतं?"

पोरं वह्या चाळायला लागली. अब्बांची हातोडी पलीकडे थांबलेली मला कळली.

"बरं, तुमच्या ओळखीचं असं काय आहे, जिथं काम करणारे पुष्कळ असतात आणि कोणी कधी काय करायचं ते ठरवावं लागतं?"

वैशालीनं हात वर केला. "मॅडम, ऊसतोडीचा मुकादम. मी लहानपणी आईबापासंगं कारखान्यावर गेलते. मुकादम सोता ऊस तोडत न्हाई. कुणी कोणती सरी धरायची, मोळ्या कुणी बांधायच्या, गाडी कुणाची आधी भरायची, ते त्यो बघतो. दोन गाड्या एकदम आल्या तर एकीला थांबवतो. त्यो नसला तर समदे एकाच सरीत घुसतेत."

"म्हणजे सिस्टीम हँग!" मागची कुरकुर करणारी पोरंच ओरडली. माझ्या वर्गातल्या निम्म्या घरांनी ऊस तोडलेला. पाच मिनिटांत त्यांनी सगळी सिस्टीम फडात मांडली. कोयता म्हणजे काय, मोळी म्हणजे काय, वाट अडवून बसलेला ट्रॅक्टर म्हणजे काय. आणि मोफत सिस्टीम? एकजण म्हणाला, "जिथं टोळीतल्या समद्यांना कामाची वाटणी म्हाईत असती, कुणीबी इचारू शकतो, कुणीबी सुचवू शकतो, ती." मी अनेक पुस्तकं वाचली, यापेक्षा चांगली व्याख्या सापडली नाही.

कुणीतरी खोचकपणे म्हणालं, "पण मॅडम, मुकादम म्हणजे परत बाप्यामाणूसच झाला की!"

"माज्या आत्यानं दोन वर्सं टोळी संबाळली," वैशाली मागे वळून म्हणाली. "जा, इचार जाऊन."

पुढचे तीन आठवडे वैशाली रोज एक तास जास्त थांबली. एक जुनं यंत्र मी तिच्या ताब्यात दिलं. तिनं त्यावर मोफत सिस्टीम बसवली, बिघडवली, पुन्हा बसवली, पुन्हा बिघडवली. तिसऱ्यांदा बसवली तेव्हा मला हात लावू दिला नाही.

आणि मग एका सकाळी फोन आला. तीच शाळा. आवाज सचिवांचा. कार्यालयातला कॉम्प्युटर चालूच होत नव्हता आणि दहावीच्या मुलांचे परीक्षेचे अर्ज त्यात अडकले होते. नावं, फोटो, सगळं. अर्ज द्यायची मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. दुसरीकडे नक्कल ठेवायची कुणाला सुचलं नव्हतं. "मॅडम, काही करा, पण या. पोरांचं वर्स जाईल."

खरं सांगते, नाही म्हणावंसं वाटलं. मग मी वैशालीला विचारलं, "येतेस?"

ती म्हणाली, "पोरांनी काय केलंय आपलं?"

घाट चढून आम्ही पोचलो तेव्हा कार्यालयात सगळे जमले होते. वैशालीला पाहून सचिव जरा चपापले. मी खुर्ची ओढली आणि तिला बसवलं. मी उभी राहिले. यंत्र चालू केलं की काळा पडदा आणि एक इंग्रजी ओळ, त्यापुढे काही नाही. वैशालीनं पिशवीतून पेनड्राइव्ह काढला. त्यावर तिनं मोफत सिस्टीम भरून आणली होती. तो लावून तिनं यंत्र त्यावरून सुरू केलं. पडदा उजळला, तसे सगळे पुढे सरकले.

"हे कसं केलं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"सर, घराचं म्होरचं दार अडकलं व्हतं. आतलं सामान शाबूत हाय. आपण दुसऱ्या दारानं गेलो," ती म्हणाली.

सचिव मागे उभे होते. खाकरले. "बाई, त्या दिवशी आमी जरा..."

"सर, आधी फोटोंचा फोल्डर कुठंय त्ये सांगा," वैशाली पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "त्ये मग बोलू."

फोल्डर सापडायला अर्धा तास गेला, कारण ज्यानं केला होता त्यानं त्याला 'नवीन नवीन २' असं नाव ठेवलं होतं. पण सगळी मुलं आत होती. एकूण एक. दुपारी चारपर्यंत अर्ज गेले. शिपायानं सगळ्यांसाठी चहा आणला, आणि तेव्हा सचिवांनी माफी मागितली. प्रिंटरकडे बघत मागितली, पण मागितली. "चुकलं माझं, बाई. मलाबी दोन पोरी हायेत."

वैशाली म्हणाली, "नसत्या तरी चुकलंच असतं, सर."

मुख्याध्यापकांनी मान हलवली. जागा अजून रिकामीच होती; तिथल्या तिथं त्यांनी तिला विचारलं, कधीपासून येता? गोष्टींमधली नायिका अशा वेळी बाणेदारपणे नाही म्हणते. मलाही क्षणभर तसंच वाटलं होतं. वैशाली म्हणाली, "सोमवारपासून. पण पोरींची नावं शाळंत आजच घाला." तिला नोकरी हवी होती, आणि आता ती तिच्या कामानं मिळत होती. नाही कशाला म्हणायचं?

ती अजून तिथेच आहे. शाळेची सगळी यंत्रं तिच्या हाताखाली. थोरली मुलगी आता संभाजीनगरला शिकते.

मी पुढे शिकवत राहिले. कुठलीही उपमा सांगायच्या आधी स्वतःला विचारायला शिकले, की ही ऐकताना वर्गातल्या कुणाला पर्समध्ये काही शोधावंसं वाटेल का. हसणं माझ्या वर्गात कमी झालं नाही. मुकादमावरून तर भांडणं व्हायची.

पण आधीच्या बॅचेसचं काय? ते डोक्यातून जाईना. मागच्या वर्षी मी जुनी रजिस्टरं काढली आणि त्या काळात शिकून गेलेल्या बायकांना एकेक करून फोन लावले. बरेच नंबर बदललेले. ज्या भेटल्या त्यांना मी सरळ सांगितलं, मी असं असं बोलायची, ते चुकीचं होतं, माफ करा. बहुतेकींना काही आठवत नव्हतं. एक म्हणाली, "केलेलं पुसायचं कंट्रोल झेड तेवढं आठवतं बघा मॅडम. बाकी समदं इसरले." दुसरीनं मलाच समजावलं, "आवो, लोक काय काय बोलतेत, तुमी कुठं मनावर घेता?"

मग शोभाला फोन लागला. ती तेव्हा पस्तिशीची असेल. बाजारात बांगड्या विकायची. चार दिवस आली आणि बंद झाली. रजिस्टरमध्ये मी तिच्यापुढे 'गैरहजर' लिहिलं होतं.

मी सगळं सांगितलं.

"आठवतं की मला," ती म्हणाली. "तुमी म्हणलात सिस्टीम अडकली तर काय करायचं. एक पोरगं म्हणलं, दोन ठिवून दिल्या की चालू व्हती. समदे हसले. तुमीबी हसलात. त्या दिशी माज्या पाठीवर वळ व्हते, मॅडम."

समोरच्या रजिस्टरात माझ्याच अक्षरातलं 'गैरहजर' उघडं होतं. मी म्हटलं, "मी तेव्हा तुम्ही का येत नाही हे विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं का नसतं, काय ठावं."

"आता येता का?"

ती हसली. मोकळं हसली. "आता? मॅडम, नातू झालाय मला! मालक बी गेले, पाच वर्सं झाली."

"मग अडवणारं कोण आहे?"

आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी ती आली. हिरवी साडी, हातभर स्वतःच्याच दुकानातल्या बांगड्या. मी तिला पहिल्या यंत्रासमोर बसवलं आणि चालू करायचं बटन दाखवलं. यंत्र जुनं होतं, वेळ घेत होतं. मी अवघडून म्हटलं, "थोडा वेळ लागेल."

"लागू द्या की," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

पडदा उजळला. मी कोरं पान उघडून दिलं आणि म्हटलं, नाव लिहा. तिनं बांगड्या मागे सारल्या, एका बोटानं अक्षर शोधत शोधत लिहायला लागली. शोभा. चांगली चार-पाच मिनिटं लागली. मग हात मांडीवर ठेवून बघत बसली.

मी म्हटलं, "पुढचं? आडनाव?"

"पुढचं काय?" शोभा म्हणाली. "एवढंच पुरं हाय. आता हे मोठं कसं करायचं, ते दाखवा."